हॅलिफॅक्सचं हवामान

“मोठ्यानं वाचा, ढोके. मला कमी ऐकू येतं,” अढाऊ डॉक्टर म्हणाले.

आता ज्या माणसानं नुसत्या स्टेथोस्कोपावर शेवंताबाईच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही हे ओळखलं, आणि पुढे नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या यंत्रानं तेच सांगितलं, त्या माणसाला टेबलापलीकडून माझा आवाज ऐकू येत नव्हता, यावर विश्वास ठेवणं जरा जड होतं. पण मी औषध कंपनीचा एमआर. डॉक्टरच्या कानांवर एमआरनं शंका घ्यायची नसते. मी घसा खाकरला आणि गॅझेटच्या हिरवट पडद्यावरचं इंग्रजी बघत मराठीत म्हणालो, “हॅलिफॅक्स. कमाल चौदा, किमान पाच. ढगाळ. दुपारनंतर हलका पाऊस.”

“वारा?”

“वायव्येकडून. बेताचा आहे, सर.”

“हं,” डॉक्टर म्हणाले. “बेताचा.”

बाहेर अंजनगाव सुर्जीचा मे महिना होता. पानमळ्यांचं गाव असलं तरी मे महिन्यात सगळ्या वऱ्हाडासारखंच भाजून निघायचं. खिडकीतला कूलर जिवाच्या आकांतानं फिरत होता. बाकावरचे पेशंट पदरानं, टोपीनं, एक्सरेच्या पाकिटानं, हाताला येईल त्यानं वारा घेत होते. आणि मी एका अशा गावचा वारा सांगत होतो, जे गाव नकाशात नेमकं कुठं आहे हे मला तोवर नीट माहीतही नव्हतं. कॅनडात आहे, समुद्राकाठी आहे, एवढंच.

ते यंत्र मला बक्षीस मिळालं होतं. दोन हजार दोनच्या आसपासची गोष्ट. आमच्या खोकल्याच्या सिरपच्या विक्रीत मी विभागात पहिला आलो, म्हणून मॅनेजरनं भर मीटिंगमध्ये टाळ्यांच्या गजरात हातात ठेवला तो ऑर्गनायझर. तळहाताएवढा, सोबत लिहायला प्लॅस्टिकची काडी. बायकोला वाटलं होतं मिक्सर मिळेल. ती बरेच दिवस त्या यंत्राकडे सवतीसारखी बघायची.

त्यात पत्ते, भेटीच्या वेळा असलं काय काय होतं, पण माझा जीव अडकला तो वेगळ्याच गोष्टीत. इंटरनेटवरची आपल्याला हवी ती पानं आधी निवडून ठेवायची. मग अमरावतीला राजापेठेतल्या एका सायबर कॅफेत जाऊन यंत्र त्याच्या स्टँडवर बसवायचं आणि स्टँडची वायर कॉम्प्युटरला जोडायची. यंत्र ती सगळी पानं पोटात भरून घ्यायचं. नंतर तुम्ही एसटीत असा, लॉजवर असा, नाहीतर मेळघाटाच्या पायथ्याशी पंक्चर काढत बसलेले असा, काडीनं टिचकी मारली की पान हजर. फोन नको, वायर नको. आज हे सांगताना माझ्या मुलाला जांभई येते. पण परतवाड्याच्या खडखडत्या गाडीत, शेजारच्या माणसाच्या मांडीवर कोंबडी असताना, आपण लंडनच्या क्रिकेटची बातमी वाचतोय, यातली ऐट ज्यानं अनुभवली त्यालाच कळेल.

एक गोम मात्र होती. पानावर ‘अधिक माहिती इथे’ असं लिहिलेलं असतं, तिथं बोट ठेवलं की पुढचं पान उघडतं. ते पुढचं पानही उतरवायचं की नाही, आणि त्याच्याही पुढचं उतरवायचं की नाही, हे आधी सांगून ठेवावं लागे. जितकं खोल शिरायला सांगाल तितका वेळ जास्त. कॅफेवाला आधीच माझ्या त्या स्टँडला ‘साहेबांचं सिंहासन’ म्हणायचा आणि मी उठायची वाट बघायचा. म्हणून मी आपलं वरवरचंच मागायचो. पहिलं पान, बस.

अढाऊ डॉक्टरांकडे मी हे यंत्र काढलं ते निव्वळ मिरवायला. डॉक्टर साठीच्या पुढचे, दणकट, कमी बोलणारे. एमआर लोकांना ते सगळ्यात शेवटी घेत, आणि घेतलं तरी घड्याळाकडे बघत ऐकत. माझं सिरप त्यांनी आजवर एकाही चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाले, गोड फार आहे. मग एके दिवशी निघता निघता मी म्हणालो, सर, ही नवी गंमत बघा, यात जगातल्या कुठल्याही गावचं हवामान येतं.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. “कुठल्याही?”

“कुठल्याही, सर.”

त्यांनी थोडा वेळ टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाले, “हॅलिफॅक्स.” मला वाटलं, परीक्षा घेताहेत. मी नाव लिहून घेतलं.

त्यानंतर माझं नशीबच उघडलं. दर पंधरवड्याच्या सोमवारी संध्याकाळी मी दवाखान्यात पाऊल टाकलं की आतून आवाज यायचा, “ढोके आले का? पाठवा.” बाकीचे एमआर बॅगा मांडीवर घेऊन बसलेले असत आणि मी त्यांच्या नाकासमोरून सरळ आत. एक मुंबईच्या कंपनीचा मुलगा तर मला बाहेर गाठून विचारू लागला की दादा, नेमकं काय देता डॉक्टरांना? मी म्हणालो, हवा देतो. त्याला ते पटलं नाही.

आत गेल्यावरचा रिवाज ठरलेला. आधी हॅलिफॅक्स. तेही मराठीत आणि मोठ्यानं. डॉक्टरांच्या टेबलावर परदेशी इंग्रजी मासिकांचा ढीग असायचा, त्यांना माझ्या भाषांतराची काय गरज होती कोण जाणे. शिवाय दार उघडं ठेवायचं. दाराच्या बाजूला भिंतीत औषधांच्या खोलीची खिडकी होती. तिथं अढाऊ काकू बसत. जुना कंपाउंडर वारल्यापासून गोळ्या मोजून पुड्या बांधायचं काम त्या करत. गोरापान चेहरा, नाकावर घसरलेला चष्मा. मला त्या ‘या’ एवढंच म्हणायच्या आणि पुन्हा पुड्या. खिडकीतून कात्रीचा, गोळ्या मोजायच्या पत्र्याचा आवाज सतत चालू असायचा.

सिरपचं बोलणं हॅलिफॅक्सनंतर. ते डॉक्टर पूर्वीइतक्याच निर्विकारपणे ऐकायचे.

मला उलगडा झाला तो शेवंताबाईमुळे. ती झडपवाली. तिला दवाखान्यात यायला औषध लागायचं नाही, बसायला बाक लागायचा. एकदा मी बाहेर आलो तर तिनं मला पदर हलवून जवळ बोलावलं.

“काहो, काय वाचून राह्यले तुम्ही रोज रोज? थ्या गावचं?”

मी म्हणालो, बाई, डॉक्टरसाहेबांना आवड आहे हवामानाची.

“आवड नाही अन् फिवड नाही,” शेवंताबाई म्हणाली. मग आवाज खाली आणून तिनं सांगितलं. डॉक्टरांची एकुलती एक पोरगी त्याच गावात राहते. नागपूरला डॉक्टर झाली. इकडं बापानं तिच्यासाठी दवाखान्याला मागची खोली काढली, दारावर तिच्या नावाची पाटी लावली. आणि पोरीनं वर्गातल्या मुलाशी परस्पर लग्न केलं नि त्याच्याबरोबर परदेशी गेली. लग्नाचंही एवढं नाही, पण ‘मी अंजनगावात बसणार नाही’ हे तिनं फोनवर सांगितलं, समोर येऊन नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी पाटी उतरवली आणि बायकोला सांगितलं की आजपासून या घरात तिचं नाव निघायचं नाही.

“अन् डॉक्टर एकडाव बोलला का बोलला, बाप्पा,” शेवंताबाई म्हणाली. “नाव घेतलं नाही त्यानं मंग. बाईनंबी नाही घेतलं. नातू झाला म्हनते तिकडं. पाह्यला नाही कोनं.”

हे ऐकल्यावर मी पुढच्या खेपेला जरा लक्ष देऊन वाचू लागलो. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी “हॅलिफॅक्स” म्हणालो की खिडकीतला कात्रीचा आवाज बंद पडतो. कमाल, किमान, वारा, पाऊस, सगळं होईपर्यंत बंद. डॉक्टर “हं” म्हणाले की मग पुन्हा एक एक गोळी पत्र्यावर पडू लागते.

डॉक्टरांना ऐकू येत होतं. मोठ्यानं वाचायचं होतं ते दुसऱ्या कुणासाठी.

मला त्या माणसाचं हसू आलं. आपल्या तोंडून गेलेला शब्द मोडायचा नाही, बायकोकडूनही मोडवून घ्यायचा नाही, आणि तरी तिला पोरीकडची काही खबर मिळाली पाहिजे. म्हणून हा एवढा उपद्व्याप. नाव घ्यायला बंदी होती, हवामानाला नव्हती. आणि काकूही अशा की नवऱ्याची ही पळवाट आपल्याला कळलीय हे त्यांनी कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही. दोघं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसून पंधरा दिवसांतून एकदा पोरीच्या गावचं ऊन-पाऊस ऐकायची. एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर नाही.

आजही माझ्या फोनवर हवामानाच्या यादीत तीन गावं आहेत. आता आम्ही राहतो ते नागपूर, मुलगा राहतो ते पुणे, आणि हॅलिफॅक्स. बायको विचारते, तिथं आपलं कोण आहे? मी सांगतो, एक गिऱ्हाईक होतं जुनं.

दिवाळीनंतर हॅलिफॅक्सचे आकडे उतरायला लागले. शून्य आलं, मग उणे. बर्फ आलं. खिडकीतून एकदा प्रश्न आला, अगदी हळू, कुणालाच उद्देशून नाही असा, “तिथं दिवस केव्हा उगवतो म्हणे?” डॉक्टरांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. पण मी निघताना म्हणाले, पुढच्या वेळी सूर्योदयाची वेळही आणा, ढोके. मी आणली. जानेवारीत पावणेआठ. इतक्या उशिरा उजाडतं, तर पोरं शाळेला अंधारातच निघत असतील, असं काहीतरी काकू पुड्यांशी पुटपुटल्या. त्यानंतर डॉक्टरांनी शाळांचंही विचारायला सुरुवात केली. बर्फ फार पडलं की तिथल्या शाळा बंद ठेवतात, ती सूचना हवामानाच्या पानावर यायची. “लहान मुलांच्या पण बंद असतात ना?” डॉक्टर विचारायचे. मी म्हणायचो, सर, सगळ्यांच्याच.

हे सगळं वाचलेलं शिळं असायचं, हे डॉक्टरांना माहीत होतं. पान मी शनिवारी उतरवायचो आणि अंजनगावला सोमवारी पोचायचो. पहिल्याच खेपेला त्यांनी विचारून घेतलं होतं. “म्हणजे शिळं,” ते म्हणाले होते. “शिळं का होईना.”

मग फेब्रुवारीतला तो सोमवार आला.

त्या शनिवारी कॅफेत गर्दी होती. मी यंत्र स्टँडवर ठेवलं, ते भरलं, खिशात टाकलं आणि घरी गेलो. पान उघडून बघितलं नाही. सोमवारी संध्याकाळी अढाऊ डॉक्टरांच्या समोर बसून मी नेहमीसारखी काडीनं टिचकी मारली आणि नेहमीसारखं मोठ्यानं सुरू केलं, “हॅलिफॅक्स. कमाल उणे सहा, किमान...”

आणि थांबलो. वरती एक चौकट होती, ठळक अक्षरांत. पूर्वी कधी नव्हती तशी.

“वाचा,” डॉक्टर म्हणाले.

मला टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं, पण त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर होती. मी वाचलं. बर्फाच्या मोठ्या वादळाचा इशारा. शनिवारी रात्रीपासून. वारा फार जोराचा, समोरचं दिसणार नाही. वीज जाण्याची शक्यता. अत्यावश्यक काम नसेल तर कुणी घराबाहेर पडू नये. सोमवारी शाळा बंद राहण्याची शक्यता. कोणत्या भागांना जास्त धोका आहे त्याची माहिती इथे.

खिडकीतला आवाज बंदच होता. तो पुन्हा सुरू झाला नाही.

“कोणते भाग?” डॉक्टरांनी विचारलं.

मी ‘इथे’ वर काडी टेकवली. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. हे पान या यंत्रात नाही. पुढच्या जोडणीच्या वेळी आणायचं का?

मी ते सांगितलं. डॉक्टरांनी हात पुढे केला. मी यंत्र दिलं. त्यांनी चष्मा वर ढकलून स्वतः वाचलं, काडी घेतली आणि त्याच शब्दावर टेकवली. तेच उत्तर. पुन्हा टेकवली. एखाद्या पेशंटची नाडी लागत नाही म्हणून जागा बदलून बदलून बघावी तसे ते त्या एका शब्दावर काडी टेकवत राहिले.

“आणा ना मग,” ते म्हणाले. “हो म्हणा त्याला. आणायचं म्हणावं.”

“सर, हो म्हटलंय. पण ते इथं येणार नाही. अमरावतीला जाऊन स्टँडवर ठेवलं की मग.”

“हे शनिवारचं आहे.”

“हो, सर.”

“आज सोमवार.” त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं. “म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलेलं आहे.”

रेडिओवर, टीव्हीवर त्या गावची बातमी येणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, सर, मोठी वादळं तिथं नेहमीची असतील, लोकांना सवय असेल. माझ्याच कानांना ते पोकळ वाटलं. डॉक्टरही आयुष्यभर पेशंटच्या नातेवाइकांना असलंच काहीतरी सांगत आले असणार.

तेवढ्यात काकू दारात आल्या. इतक्या महिन्यांत दवाखाना चालू असताना त्या खोलीतून बाहेर आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. हातात कात्री तशीच होती.

“अहो,” त्या म्हणाल्या, आणि पुढे काही म्हणाल्या नाहीत. त्यांना पुढचं काही म्हणायची मनाई होती आणि त्या पाळत होत्या. अशा वेळी सुद्धा. मला डॉक्टरांचा तेव्हा संताप आला, खरं सांगतो. वाटलं, उठावं आणि म्हणावं, अहो, खड्ड्यात गेला तुमचा शब्द.

डॉक्टरांनी टेबलाच्या कडेचा फोन पुढे ओढला. त्यावर विणलेलं एक पांढरं झाकण असायचं, ते काढून बाजूला ठेवलं.

“त्याला बूथवर जावं लागते,” काकू घाईनं म्हणाल्या. “बसस्टँडसमोर. इथून बाहेरदेशी लागत नाही.”

“लागतो,” डॉक्टर म्हणाले.

“आपल्या फोनवरून?”

“लागतो याच्यावरून.”

ज्यांना तो जमाना आठवतो त्यांना कळेल. परदेशी फोन लागायचा तर टेलिफोन खात्याकडे वेगळा अर्ज करावा लागे, ती सोय मुद्दाम घ्यावी लागे. गावातल्या दुकानदारांनाही त्याची गरज नव्हती. आणि ज्या घरात पोरीचं नाव काढायची बंदी होती त्या घरातल्या फोनवर ती सोय होती.

डॉक्टरांनी कुठल्या डायरीत पाहिलं नाही, की खण उघडला नाही. सरळ आकडे दाबू लागले. आकडे संपेनात. नेहमी कुठल्याही औषधाचा डोस विचारा, न अडखळता लिहिणारी ती बोटं एकदा मध्येच थांबली, आणि मग पुढे गेली.

मी उठलो. अशा वेळी परक्या माणसानं तिथं थांबू नये, एवढं मला कळत होतं. पण दारात काकू उभ्या होत्या आणि काकूंच्या मागे शेवंताबाई, आणि तिच्या मागे अख्खा बाक. माझी जायची वाट बंद होती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

वाजत होतं. फोन जुना असल्यानं पलीकडची घंटी आम्हालाही ऐकू येत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग खट्ट झालं आणि एका लहान मुलाचा आवाज आला, किनरा, उत्साही.

“हॅलो? हू इज धिस?”

डॉक्टरांनी रिसीव्हर कानावर घट्ट दाबला. काकूंनी दाराची चौकट धरली.

“हॅलो?” पुन्हा मुलगा.

“आई...” डॉक्टर म्हणाले. “आईला बोलाव.”

“हू?”

“आई. आई आहे का घरात?”

मुलाला कळलं नाही. त्याच्या घरात आईला आई म्हणत नसावेत. त्यानं विचारलं की तुम्हाला कोण हवंय. डॉक्टर गप्प. जन्मभर इंग्रजी मासिकं वाचलेल्या माणसाला आईसाठी इंग्रजी शब्द आठवू नये, हे मला आजही खरं वाटत नाही. मला वाटतं, तो त्यांना आठवला होता. तो वापरला असता तर शब्दही मोडला नसता आणि कामही झालं असतं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंच्या मागे सगळं गाव उभं होतं तेही पाहिलं.

“वैजू,” ते म्हणाले. मग मोठ्यानं, आता त्यांनाच कमी ऐकू येत असल्यासारखं, “वैजयंती. वैजूला बोलाव, बाळा. म्हणावं, अंजनगावहून फोन आहे.”

काकू खाली बसल्या. तिथंच, दारात, जमिनीवर. शेवंताबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पलीकडे पावलं धावत गेली. मग धावत आली, या वेळी मोठी. डॉक्टरांनी ऐकलं आणि म्हणाले, “मी. बाबा.” मग त्यांनी घसा साफ केला. “तिकडं वादळ आहे म्हणे,” ते म्हणाले. “शनिवारपासून.”

पुन्हा ऐकलं. “बरं,” म्हणाले. “हं. वीज? बरं. बरं.” आणि रिसीव्हरवर तळहात ठेवून काकूंना सांगितलं, “काल पहाटेच थांबलं म्हणते. आज लख्ख ऊन पडलंय. दारातलं बर्फ काढताहेत.” त्यांनी फोन दाराशी नेऊन रिसीव्हर काकूंच्या हातात दिला आणि कूलरच्या खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

काकूंनी तो दोन्ही हातांनी धरला. आम्हाला वाटलं, आता रडतील. पण त्या म्हणाल्या, “वैजू, तुझ्याकडं मागच्या पंधरवड्यात उणे अकरा होतं ना गं? पोराला कानटोपी घालतेस का नाही?” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. काकू म्हणाल्या, “मला कसं म्हणजे? मला तुझ्याकडचं सगळं माहीत असते. तिथं पौणेआठला उजाडते. आता जरा लवकर उजाडत असंन.” आणि मग मात्र त्यांना रडू फुटलं, आणि बाकावरच्या दोन-तीन बायांनाही. शेवंताबाई नाक पुसत म्हणाली, बोलली बाप्पा पोरगी.

मी माझं यंत्र टेबलावरून उचललं. पडद्यावर अजून त्या दोन ओळीच होत्या. पुढच्या जोडणीच्या वेळी आणायचं का?

“ढोके,” डॉक्टर पाठमोरेच म्हणाले, “तुमची खबर शिळी निघाली.”

“हो, सर.”

“ताजी असती तर मी फोन केला नसता.”

मी बॅग घेतली. दारातून निघताना काकू फोनवर नातवाला आपलं नाव सांगायला शिकवत होत्या. त्यांनी मध्येच रिसीव्हर खाली करून डॉक्टरांना विचारलं, ती सोय फोनवर कधी घेतली होती म्हणून. डॉक्टर म्हणाले, “ती गेली त्याच महिन्यात.”

पंधरा दिवसांनी मी पुन्हा अंजनगावला गेलो. या वेळी शनिवारी कॅफेत जास्त वेळ बसून पानं चांगली खोलवर उतरवून आणली होती. हॅलिफॅक्सच्या बंदराचा नकाशासुद्धा घेतला होता. दवाखान्यात शिरलो, तर आतून “ढोके आले का” असा आवाज आला नाही. बाकावर चार एमआर बसले होते. मुंबईच्या कंपनीचा तो मुलगा सरकला आणि त्यानं मला शेवटची जागा करून दिली. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरलेलो नाही. आणि सिरप? सिरप डॉक्टरांनी त्यानंतरही कधी लिहिलं नाही. गोड फार आहे, हेच कारण.

मी यंत्र खिशातून काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि परत ठेवून दिलं. तेवढ्यात खिडकीतून काकूंनी मान बाहेर काढली. चष्मा तसाच नाकावर घसरलेला.

“ढोके,” त्या म्हणाल्या, “आज तिकडं दोन आहे बरं का. शून्याच्या वर. वैजू सकाळीच बोलली. बर्फ वितळून राहिलं म्हणते, अन् पोरानं अंगणात...”

“अगं, मोठ्यानं सांग,” आतून डॉक्टर ओरडले. समोरच्या पेशंटच्या छातीवरचा स्टेथोस्कोप त्यांनी कानांतून काढला होता. “इकडं काही ऐकू येत नाही.”